आयरिश ‘ग्लस’ : हिरवा की करडा?

‘ग्लस’ या आयरिश विशेषणाचा अर्थ एका ठिकाणी ‘हिरवा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘करडा’ असा दिलेला आढळतो, त्यांतला बरोबर कोणता, आणि तो शब्द मध्येच ‘ग़्लस’ असा का होतो, असे विचारले आहे.

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. गवत, पाने, कुरण यांचा हिरवेपणा म्हणजे ‘ग्लस’. पण घोडा, मेंढी किंवा डोळे ‘ग्लस’ असतील तर ते करडे समजावेत. रंगवलेल्या, कृत्रिम हिरव्यासाठी ‘उअन्य’ हा वेगळा शब्द आहे, आणि 1937च्या आयरिश राज्यघटनेत राष्ट्रध्वजाच्या हिरव्या पट्ट्यासाठी तोच योजला आहे. वेल्श भाषेत मात्र ‘ग्लस’चा आजचा मुख्य अर्थ निळा, तरी गवताला ते ‘ग्लसवेल्त’च म्हणतात! कच्च्या फळालाही आयरिशमध्ये ‘ग्लस’ म्हणता येते.

आता व्याकरण. विशेषण नामानंतर येते आणि मराठी विशेषण शेवटी बदलते तसे हे आरंभीही बदलते. ‘क्नुक ग्लस’ म्हणजे हिरवी टेकडी; इथे आरंभी बदल नाही, कारण ‘क्नुक’ हे नाम तिकडे पुल्लिंगी आहे. पण गाय स्त्रीलिंगी असल्यामुळे करडी गाय ‘बो ग़्लस’ होते, आणि तिथला ‘ग़’ उर्दूतल्या ‘ग़ज़ल’च्या पहिल्या वर्णासारखा घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारा, असतो. अनेकवचनात ‘क्निक ग़्लसा’ (हिरव्या टेकड्या), म्हणजे शेवटी ‘आ’ आणि आरंभीही बदल. हा आरंभीचा बदल अनेकवचनी नामाच्या अखेरीस तालव्य (जीभ टाळूकडे नेऊन उच्चारलेले) व्यंजन असेल तेव्हाच होतो. तुलनेसाठी ‘नीस ग्लशा’, म्हणजे अधिक हिरवा.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो विधेय-विशेषणाशी, म्हणजे ‘आहे’सारख्या क्रियापदाबरोबर येणाऱ्या विशेषणाशी. आपण ‘डोंगर हिरवे आहेत’ म्हणताना विशेषण नामाप्रमाणे चालवतो. आयरिशमध्ये मात्र ‘ता ना क्निक ग्लस’ असेच म्हणावे लागते, ‘ग्लसा’ चालत नाही. याच रचनेचा उत्तम नमुना त्यांच्या म्हणीत सापडतो : ‘इस ग्लस ईअद ना क्निक इ वाद ऊइन्’. शब्दशः अर्थ ‘हिरवे आहेत ते, आपल्यापासून दूरचे डोंगर’. विशेषण क्रियापदाला लगटून पुढे आले आहे, डोंगर अनेक असूनही ते एकवचनीच राहिले आहे, आणि अर्थ तर मराठी माणसाला सांगायलाच नको : दुरून डोंगर साजरे.