राजा दुष्ट, तरी पोरगं त्याच्याच बाजूनं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईनं मुलाची वही समोर ठेवली. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा नववीत. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात गावं जाळत सुटलेला एक सम्राट आहे आणि हा त्याच्या फौजेत. वहीत सम्राटाचं निशाण, खाली लाल शाईत निष्ठेची शपथ आणि शपथेखाली चक्क अंगठा. "काय की ओ मॅडम, घरात रोज हरिपाठ होतोय आणि ह्याला हाच मिळाला काय?"

ही तक्रार घेऊन बरेच पालक येतात. गोष्टीतल्या दुष्टाची बाजू आवडणं हा आजार नव्हे. सम्राट का आवडतो, असं विचारलं की मूल वकिली सुरू करतं, आणि वादात ते बहुधा मोठ्यांना भारी पडतं. त्यापेक्षा त्याच्या शिपायांबद्दल विचारावं. ते कशाला गेले त्याच्याकडे? तिथं त्यांना काय मिळालं?

पहिली बैठक नुसती ऐकण्यात गेली. दुसऱ्या बैठकीत कोऱ्या पानावर चार रकाने आखले: कोण गेला, आधी काय मिळालं, पहिली छोटी मागणी कोणती, परत कुठून फिरता आलं असतं. सुरुवात खेळापासून न करता महाभारतापासून केली. ओळखीच्या गोष्टीत मूल सावध राहत नाही.

कर्णाचा रकाना त्यानंच भरला. भर रंगभूमीवर कुळ विचारून अपमान झाला, त्याच घटकेला दुर्योधनानं अंगदेशाचं राज्य दिलं. शल्य तर नकुल-सहदेवांचा मामा, पांडवांकडेच निघालेला. दुर्योधनानं वाटेत मंडप घालून त्याची बडदास्त ठेवली. ही सोय युधिष्ठिराची असं समजून शल्य खूश झाला आणि शब्दात अडकला. भीष्म स्वतःच म्हणतात, माणूस अर्थाचा दास. दुष्टपणा आवडतो म्हणून यातला एकही गेला नाही. विकर्ण भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलला, तरी लढला कौरवांकडूनच. युयुत्सू मात्र युद्ध सुरू होता होता बाजू बदलून गेला. चौथ्या रकान्यात मुलानं लिहिलं, "युयुत्सूला तिकडून बोलावलं होतं." ते खरंच आहे, युधिष्ठिरानं मोठ्यानं विचारलं होतं, आमच्याकडे कोण येतो म्हणून.

मग त्याचा स्वतःचा रकाना. इथं खरी गोष्ट बाहेर आली. सम्राट कल्पित होता, पण खेळातल्या त्याच्या गटाचा म्होरक्या जिवंत माणूस होता, वयानं मोठा. पहिल्याच आठवड्यात त्यानं याला 'कप्तान' केलं. मग एका पोराला शिवी पाठवायला लावली. मग रात्री एकपर्यंत जागायला. शेवटची मागणी आईच्या फोनवरून 500 रुपयांची होती.

मागण्या अशा पायरीपायरीनं का येतात, ते मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या प्रयोगात दिसतं. 1961 साली येल विद्यापीठात त्यानं सामान्य माणसांना एका 'विद्यार्थ्या'ला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. बटणं 15 व्होल्टनी चढत 450 पर्यंत. 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले. 150 दाबल्यावर 165 ला नाही म्हणायला कारण सापडत नाही. पण याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा 40 पैकी चारच शेवटपर्यंत गेले. प्रयोगावर पुढं टीका बरीच झाली. ही शेवटची तुलना मात्र पालकांनी लक्षात ठेवावी.

वडील बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. त्यांनी आधी खेळ काढून टाकला होता. पोरगं मित्राच्या फोनवरून परत गेलं, आणि म्होरक्यानं सांगितलं, "बघ, घरचेच तुझे शत्रू." मग वडिलांनी गिअरची सायकल कबूल केली. तीही वाया. कृष्णानं कर्णाला अख्खं राज्य देऊ केलं होतं, तरी तो हलला नाही. अपमानाच्या वेळी जो उभा राहिला त्याची किंमत नंतरच्या बक्षिसानं फिटत नाही.

मग याचा अपमान कुठं झाला होता? सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, आठवीपासून बेळगावात. कन्नडच्या तासाला वाचताना ओत्तक्षराशी, म्हणजे खाली लिहिलेल्या जोडाक्षराशी, तो अडायचा आणि वर्ग हसायचा. दीड वर्ष हे चाललं होतं. घरी पत्ता नव्हता.

काम तिथून सुरू केलं. शेजारच्या कन्नड अक्कांकडे रोज 15 मिनिटं वाचन. शाळेतल्या सरांना विनंती केली की उतारा आदल्या दिवशी सांगावा, मगच वर्गात वाचायला उठवावं. दिवाळीत गल्लीतल्या किल्ल्याची माहिती लोकांना सांगायचं काम याच्याकडे दिलं. आईच्या फोनचा यूपीआय पिन त्याच दिवशी बदलला. म्होरक्याच्या संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवून घेतले, पण गट सोडायला दोन आठवडे थांबलो. दुसरी जागा तयार नसताना पहिली सोडवली की मूल पुन्हा तिथंच जातं. घाई इथंच नडते. खेळ बंद केला नाही. नव्या खात्यावर, पुढच्या खोलीत, संध्याकाळी 45 मिनिटं. तो अजून सम्राटाच्याच फौजेत आहे. वहीही त्याची त्याला परत दिली.

काही खुणा दिसल्या तर मात्र रकाने आखत बसू नये. मुक्या जनावराला इजा करून मजा वाटणं, कुणाला मारायची खरी धमकी, अंगावर कापल्याच्या खुणा, झोप-जेवण तुटणं, गटाकडून फोटो किंवा व्हिडिओची मागणी. फोटोची मागणी आली असेल तर उत्तर देऊ नये, कुठलाही संदेश काढून टाकू नये, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करावा. मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा 14416 आहे, मोफत. जीवाला धोका वाटला तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठावा.