फक्त १४

मुलुंड, रविवार सकाळ

अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा स्क्रीनशॉट आला. खाली एकच ओळ: 'मॅडम, चार वर्षांत फक्त १४ सायटेशन्स.' म्हणजे तुझे पेपर नंतरच्या पेपरांत संदर्भ म्हणून आले, ते एवढ्याच वेळा. फोनवर 'होईल गं सगळं' एवढं टाकून मी झोपू शकले असते, पण मग तू झोपली नसतीस.

आधी सांग, त्या १४मध्ये तुझे स्वतःचे किती? तीन असतील. ते वजा कर. राहिले ११. ते अकराच्या अकरा पेपर उघडून पाहिलेस? नसशील पाहिले. मीही कित्येक वर्षं पाहिले नव्हते.

माझा सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर कॅश प्रीफेचिंगवरचा, म्हणजे प्रोसेसरला लागणारा डेटा त्याच्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत (कॅशमध्ये) आधीच आणून ठेवण्यावरचा. एका जुलैत रुळांवर पाणी, लोकल बंद, म्हणून घरी अडकले होते. तेव्हा त्याला साइट करणारे चाळीसेक पेपर काढले आणि हायलायटर घेऊन बसले. बहुतेकांत आमचा उल्लेख प्रस्तावनेत, 'संदर्भ ७ ते १५' अशा घोळक्यात. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'समस्त आप्तेष्ट' असतात तसा. खरोखर वाचला होता तिघांनी. त्यातल्या एकाने आमचा प्रयोग पुन्हा केला आणि लिहिलं, की यांनी कॅश पुरेशी वॉर्म अप न करताच, म्हणजे डेटाने भरू न देताच, मोजायला सुरुवात केली आहे. रिकाम्या कॅशमध्ये सुरुवातीचे मिस (हवा तो डेटा तिथे न सापडणं) भरमसाट येतात, आणि नेमके तेच आमचा प्रीफेचर झाकत होता. त्यामुळे फायदा फुगून दिसला. त्याचं बरोबर होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पण कामाचं सायटेशन कोणतं असं कुणी विचारलं, तर मी तेच दाखवते.

जेम-फाइव्हचा, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, २०११चा पेपर बघ. हजारोंनी साइट केला आहे. तूही केला आहेस, पण वाचला आहेस का? ती सायटेशन्स म्हणजे 'हे अवजार वापरलं' अशी पोचपावती. त्यात गैर काही नाही; उलट तुझे ट्रेस आणि कॉन्फिग फाइल्स (प्रयोगाच्या नोंदी आणि सेटिंग्ज) तू अजून लॅपटॉपवरच दडवून ठेवल्या आहेस, त्या आधी बाहेर काढ. दुसरीकडे वुल्फ आणि मॅकी यांचा १९९५चा 'मेमरी वॉल'वरचा लेख. जेमतेम पाच पानं, तीही एका न्यूजलेटरमधली. प्रोसेसर आणि डीरॅम (मुख्य मेमरी) दोन्ही वेगवान होताहेत, पण त्यांच्यातली दरी वाढते आहे. मग कॅश कितीही चांगली केली तरी शेवटी सगळं मेमरीपाशीच अडणार, एवढंच म्हणणं. गणित शाळेतलं. पण दुखण्याला नाव मिळालं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आणि टोमासुलो. १९६७ सालचा तो पेपर मी पहिल्यांदा वाचला तो जाड बांधणीच्या जुन्या अंकात; पान उलटताना कडा तुटत होत्या. आयबीएमच्या ३६०/९१ या मशीनच्या फक्त फ्लोटिंग पॉइंट युनिटसाठी (दशांशांची आकडेमोड करणाऱ्या भागासाठी) केलेली युक्ती: आधीची सूचना अडली, तरी जिचा डेटा तयार आहे ती पुढची सूचना चालवायची. असे आउट-ऑफ-ऑर्डर प्रोसेसर घराघरांत पोहोचले ते नव्वदच्या दशकात, आणि टोमासुलोंना संगणकरचनेतला मानाचा एकर्ट-मॉक्ली पुरस्कार मिळाला १९९७ला. ३० वर्षं! तुझ्या चार वर्षांच्या पट्टीने त्यांना काय मार्क दिले असतेस?

एच-इंडेक्सचं थोडक्यात सांगते. २००५मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. एखाद्याचा पाच म्हणजे पाच पेपर, प्रत्येकाला निदान पाच सायटेशन्स. तो कधी खाली येत नाही, त्यामुळे माझ्या वयाच्या माणसाला फार शोभतो. एकदा माझ्याच आडनावाच्या कुणा कृषिसंशोधकाचे द्राक्षावरच्या भुरीचे पेपर माझ्या प्रोफाइलवर येऊन बसले होते आणि आठवडाभर मी दोन अंकांनी थोर झाले होते. तुझंही प्रोफाइल एकदा तपासून घे.

नोकरीच्या मुलाखतीत मात्र हे काही चालणार नाही, हे मलाही कळतं. समोरची मंडळी जर्नल विचारतात, इम्पॅक्ट फॅक्टर (त्या जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स) विचारतात. मला एका ठिकाणी विचारलं होतं, 'फक्त कॉन्फरन्स? जर्नल नाही?' आपल्या संगणकरचनेच्या क्षेत्रात इस्का, मायक्रो, एचपीसीए या कॉन्फरन्समध्येच खरी गाळणी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही चिडून गप्प बसले. तू चिडू नकोस. किती पेपर आले होते, किती घेतले, हे त्या त्या वर्षाच्या प्रोसीडिंग्जमध्ये बहुधा छापलेलं असतं. तेवढं पान अर्जाला जोडून दे.

पुढच्या रविवारी ये. ते अकरा पेपर प्रिंट करून आण, पाठपोट. हायलायटर माझ्याकडे आहे. अकरांतले आठ घोळक्यातले निघतील, माझी पैज. उरलेल्या तिघांना आपण दुपारी तिथेच बसून मेल लिहू, आणि त्यांच्यातल्या कुणी तुझी चूक काढली असेल तर त्याला सगळ्यात आधी.

येताना स्टेशनबाहेरून कोथिंबीर घेऊन ये, पोह्यांना लागेल.

तुझी,
मॅडम