इतकी वर्षं योग करूनही राग येतो, मग काय चुकतंय?

"मॅडम, इतकी वर्षं योग करतोय, तरी राग जात नाही." नाशकात समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा 'इतकी वर्षं' म्हणाला की पुढचं मला आधीच कळतं. बोलणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, शाळेच्या मुख्याध्यापिका असतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले साहेब असतात. यात नवल नाही. योगाचार्य विश्वास मंडलिकांनी १९७८ साली इथे योग विद्या धाम सुरू केलं. सकाळी योगवर्गाला जाणं या शहरात कुणालाच वेगळं वाटत नाही. आणि हा प्रश्न पडतो तो मन लावून करणाऱ्यालाच. चार दिवस करून सोडणारा माझ्याकडे येत नाही.

त्यातल्याच एकांबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सातपूरच्या एका कंपनीत ते प्रॉडक्शन मॅनेजर, पन्नाशीला टेकलेले. पहाटे साडेपाचला चटईवर. सूर्यनमस्कार, आसनं, कपालभाती, नाडीशोधन, सगळं शिस्तीत. पाठदुखी गेली होती, झोप चांगली लागत होती. पण रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारला जाणारा माल, वाढलं की ऑपरेटरवर सगळ्यांदेखत ओरडायचे आणि मग केबिनमध्ये स्वतःला खात बसायचे. "सकाळी अनुलोम-विलोम, दुपारी शिव्या" असं कुणीतरी मागून म्हटलेलं त्यांच्या कानावर आलं होतं. ते फार लागलं होतं.

"कोणता प्राणायाम वाढवू?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"वाढवायचं नंतर बघू. ओरडायच्या आधी काय होतं ते सांगा."

"जबडा आवळतो. श्वास अडतो. येतोय हे मला कळतं, मॅडम."

"आणि मग?"

"मग वाटतं, झालं, परत आला! एवढी साधना करून काय मिळवलं? मला राग येताच कामा नये."

"हा दुसरा राग कुणावर?"

ते थांबले. "माझ्यावर." मग जरा वेळानं, "पण निघतो त्या पोरावर."

बहुतेकांना आपल्याला राग आला होता हे ओरडून झाल्यावर कळतं, काहींना तर दुसऱ्या दिवशी. यांना जबडा आवळतानाच कळत होतं. वर्षानुवर्षं रोज श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष दिल्याशिवाय हे जमत नाही. साधनेनं त्यांना द्यायचं ते दिलं होतं, आणि ते त्यालाच नापासाचा शेरा समजत होते. हे मी त्यांना सरळ सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरले असते. म्हणून विचारलं, "पश्चिमोत्तानासनात एखाद्या दिवशी कपाळ गुडघ्याला टेकत नाही, तेव्हा काय करता?"

"जिथवर जातं तिथवर जातो. श्वास सोडतो, थांबतो."

"पायावर ओरडता?"

हसले. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. "म्हणजे मला हे येतं," एवढंच म्हणाले.

इतक्या वर्षांत असे क्षण मी अनेकदा पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच हे काम करावंसं वाटतं. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची; अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५च्या सुमारास मांडली. तिचं म्हणणं असं, की घटना माणसाला जितकं पेटवते त्याहून जास्त पेटवतो तो त्याचा हट्ट, की हे असं होताच कामा नये. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात सांगितलेली प्रतिपक्षभावना, म्हणजे त्रास देणारा विचार दाटून आला की त्याच्या उलट बाजूचा विचार मुद्दाम मनात आणणं, मला याच्या फार जवळची वाटते. काही योगशिक्षकांना ही तुलना आवडत नाही. चालायचंच.

पुढच्या भेटीत पत्नीला बोलावलं. त्या म्हणाल्या, "यांचा राग परवडला, ती पहाट नको. साडेपाच ते पावणेसात मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. मुलगा दहावीला आहे, त्यानं क्लासला जाताना दारसुद्धा हळू लावायचं. आणि सातला डबा तयार पाहिजे."

"तू कधी बोलली नाहीस."

"चटईवरच्या माणसाशी बोलायचं कधी?"

योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं आणि प्राणायाम चौथा. त्याआधी यम-नियम, म्हणजे इतरांशी आणि स्वतःशी कसं वागायचं ते, आणि यमांत पहिली अहिंसा. हे त्यांना तोंडपाठ होतं, योगशिक्षकाची परीक्षा दिलेली होती. पण स्वतःच्या स्वयंपाकघराशी त्याचा काही संबंध असेल हे कधी मनात आलं नव्हतं. दीर्घ साधना करणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच विचारते, की तुमच्या या शांत तासाची किंमत घरात कोण मोजतंय? योगानं मी किती बदललो याचं उत्तर स्वतःकडे मागू नका. बायकोला, नवऱ्याला, हाताखालच्या माणसाला विचारा, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

त्यांनी साधनेची वीस मिनिटं कमी केली. चटई हॉलमधून गॅलरीत गेली, आणि बसण्याआधी डब्याची चटणी तेच वाटू लागले. कंपनीत जबडा आवळला की एक लांब श्वास सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, तेवढी उसंत पुरते. मग मनाशी, "राग आला, ठीक आहे, याला विचारायचं काय?" आणि काय झालं हे त्या ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावून विचारायचं, चारचौघांत नाही.

योग सुरू आहे म्हणून रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या परस्पर बंद करणारेही मला भेटतात. तसं करू नका. रागाच्या भरात हात उठत असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. योग सोबत चालू राहू द्या.

त्यांचा राग पूर्ण गेलेला नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी ते पुन्हा ओरडले. पण जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच मशीनपाशी जाऊन म्हणाले, "मघाशी माझा आवाज चढला, चढायला नको होता. पार्ट कुठे रिजेक्ट होतोय ते दाखव." पोरानं मशीन बंद केलं आणि काळजीनं विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"