'क्रेओल' म्हणजे 'संकरित' नव्हे!

प्रश्न आलाय तो असा: सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीच्या (आजच्या हैतीच्या) रंगभूमीवर गाणाऱ्या मिनेटला 'क्रेओल गायिका' म्हणतात, तर मराठीत 'संकरित वंशाची गायिका' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. संकरित मका असतो, गाय असते. बरं, 'मिश्रवंशीय' लिहिलंत तरी चूक तीच, कारण मिसळीशी या शब्दाचा मुळात संबंधच नाही. क्रेओल म्हणजे सरमिसळ, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत.

अठराव्या शतकातल्या सां-दोमिंगमध्ये क्रेओल म्हणजे वसाहतीत जन्मलेला. मग तो गोरा असो की काळा. आफ्रिकेतून आणलेला गुलाम 'बोसाल', त्याचं मळ्यावर जन्मलेलं पोर क्रेओल. 1763 साली मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर जन्मलेली नेपोलियनची बायको जोसेफीनही क्रेओल, आणि ती तर गोऱ्या मळेवाल्याची लेक. मिनेटच्या अंगात दोन्हीकडचं रक्त होतं हे खरं, पण ती क्रेओल ठरते ती तिथल्या जन्मामुळे. 13 फेब्रुवारी 1781 रोजी, वयाच्या 14व्या वर्षी, ती पोर-ओ-प्रँसच्या रंगमंचावर उभी राहिली. तिला शिकवणाऱ्या मादाम आकेरही क्रेओल, फक्त गोऱ्या. गुरू-शिष्या दोघींना एकच शब्द लागू, आणि कायद्याने मात्र दोघींच्या पायऱ्या वेगळ्या! भाषेचंही तेच. त्याच वसाहतीतल्या काप-फ्रान्से शहरात 1758 साली क्लेमाँ नावाच्या नटाने रूसोच्या संगीतिकेचं विडंबन क्रेओल बोलीत, म्हणजे वसाहतीतच जन्मलेल्या भाषेत रचलं. असल्या खेळांत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांच्या भूमिका करायचे. आता यात 'मिश्र वंश' कुठे शोधणार?

आता खरी गंमत. फ्रेंच 'क्रेओल' आला स्पॅनिश 'क्रिओयो'वरून, तो पोर्तुगीज 'क्रिओलु'वरून, आणि त्याच्या मुळाशी 'क्रिआर', म्हणजे पोसणे, वाढवणे. 'क्रिआदु' म्हणजे घरचा नोकर, तोही याच धातूचा. धन्याच्या घरात जन्मून तिथेच वाढलेला गुलाम तो क्रिओलु. वाचून काही आठवलं? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार दिलेत, त्यांत 'गृहज' आहे. नारदस्मृतीत प्रकार पंधरा, आणि यादी सुरूच होते 'गृहजात'पासून. विकत घेतलेला वेगळा, घरात जन्मलेला वेगळा. गुलाम बाळगणाऱ्या समाजाला हा भेद करावाच लागतो, मग तो समाज लिस्बनचा असो की आपला. माझ्या मते 'क्रेओल'ला हा अगदी नेमका जोड आहे.

आपल्याकडचे काही हौशी विद्वान इथे लगेच संस्कृत 'कृ' धातू काढतात. क्रिया, क्रिएट, क्रेओल, झालं! अहो, लॅटिन 'क्रेआरे'चं मूळ वाढण्याशी निगडित आहे, रोमनांची धान्यदेवता सेरेस त्याच कुळातली. त्या मुळातल्या 'क'चा संस्कृतात 'श' होतो. 'कृ'चा 'क' निराळ्या घराण्यातला. नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवायची तर 'काका'ला पोर्तुगीज ठरवायलाही वेळ लागणार नाही.

आणखी एक मत मला फार प्रिय आहे. पेरूचा इतिहासकार गार्सिलासो 1609 साली लिहितो की हा शब्द काळ्यांनीच काढला, गिनीत, म्हणजे आफ्रिकेत जन्मलेल्यांहून अमेरिकेत जन्मलेले वेगळे दाखवायला. कुणी कोशकार याला दंतकथा समजून बाजूला सारेलही. शब्दाचा धातू पोर्तुगीज आहे, मान्य. पण तो भेद रोज करायची गरज कुणाला होती? कोश लिहिणाऱ्याला की मळ्यावर राबणाऱ्याला?

हैती फार लांब वाटत असेल तर रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जा. पोर्तुगीज 1740 साली तिथून गेले, पण गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज-मराठी वळणाची बोली अजून चालते. अभ्यासक तिलाही क्रेओल म्हणतात, बोलणारे 'नो लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात.

मिनेटचं राहिलंच. 'क्रेओल गायिका' लिहा, आणि पुढे कंसात 'वसाहतीत जन्मलेली'. तिच्या वंशाबद्दल सांगायचं असेल तर त्यासाठी वेगळं वाक्य लिहा.