करंट थांबल्यावर खडकात काय उरतं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या आयपी सर्व्हेची, म्हणजे जमिनीत करंट सोडून खडकातलं प्रेरित ध्रुवीकरण (इंड्यूस्ड पोलरायझेशन) मोजण्याची, रीडिंग्ज पाहिली. करंट बंद केल्यावर व्होल्टेज एकदम खाली येतं, पण शून्यावर न जाता थोडा वेळ रेंगाळतं. हे शेपूट कुठून येतं, असं तू विचारलं आहेस. फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञ कॉनराड श्लुम्बर्गर यांनी 1920 साली त्याचं वर्णन छापलं, तेव्हाही मूळ प्रश्न हाच होता.

आधी एक सांग, व्होल्टेज मोजायला लोखंडी सळया ठोकल्या होत्यास का? ओल्या जमिनीत धातूची सळई स्वतःच ध्रुवीभूत होते, म्हणजे तिच्या पृष्ठभागावर भार साठतो, आणि तिचं शेपूट खडकाच्या शेपटात मिसळतं. सच्छिद्र मातीचं भांडं घे, आत मोरचुदाचं संपृक्त द्रावण आणि त्यात तांब्याची सळई. तळाशी निळे खडे शिल्लक दिसले पाहिजेत. ते दिसेनासे झाले की आणखी मोरचूद टाक.

आता खडकाकडे वळू. खडकातल्या बारीक छिद्रांत पाणी असतं आणि करंट वाहून नेतात ते त्या पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू-रेणू. वाटेत पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा, कण आडवा आला की पंचाईत होते. कणाच्या आत वहन इलेक्ट्रॉनांचं, बाहेर आयनांचं. सीमेवर इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण व्हायला रासायनिक क्रिया घडावी लागते आणि ती सावकाश होते. तोवर कणाच्या एका बाजूला धन आयन दाटतात, दुसऱ्या बाजूला ऋण. करंट थांबला की ही गर्दी हळूहळू पांगते. तुला दिसलं ते शेपूट म्हणजे हे पांगणं.

सगळा खेळ कणांच्या पृष्ठभागावर चालतो, हे मनात पक्कं ठेव. 1 सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौ. सेंमी. त्याचेच 1 मिमीचे हजार घन केले तर 60 चौ. सेंमी. म्हणून खडकात विखुरलेलं तांब्याचं खनिज या पद्धतीला चांगलं सापडतं. कण एकमेकांना जोडलेले नसल्याने रेझिस्टिव्हिटीत, म्हणजे खडक करंटला किती अडवतो त्या मापात, ते फारसं उमटत नाही; चार्जेबिलिटीत, म्हणजे शेपूट किती मोठं त्या मापात, मात्र उठून दिसतं. जस्ताचं स्फॅलेराइट बहुधा दाद देत नाही, कारण ते वीज नीट वाहू देत नाही.

पण धातूचा कणही नसताना शेपूट येतं, आणि तुझ्या रीडिंग्जमध्ये मला तीच शंका आहे. आपली काळी माती ज्या माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजामुळे पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. त्याभोवती धन आयन दाटीनं बसतात. अशा मातीनं आवळलेल्या चिंचोळ्या छिद्रातून धन आयन सहज जातात, ऋण आयन अडतात. कुठे क्षार साठतात, कुठे कमी पडतात, आणि करंट थांबल्यावर पुन्हा समतोल व्हायला वेळ लागतो. व्हिक्टर व्हॅकियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली भूजल शोधायला हाच परिणाम वापरून पाहिला. गंमत अशी, की निव्वळ चिकणमातीच्या जाड थरात शेपूट बरेचदा लहान असतं. रुंद आणि चिंचोळ्या वाटांमधला फरकच तिथे उरत नाही. वाळूत थोडी चिकणमाती मिसळलेली असली तर ते मोठं होतं. पाणी खारट झालं की पुन्हा कमी.

मीही एकदा चुकलो आहे. चार्जेबिलिटी भरपूर, रेझिस्टिव्हिटी कमी, म्हणून मोठ्या खात्रीनं बोअर कुठे घ्यायचा ते दाखवलं. वर आला ग्रॅफाइटचा शिस्ट, म्हणजे ग्रॅफाइट असलेला पापुद्र्यांचा खडक. तोही इलेक्ट्रॉन वाहू देतो, त्यामुळे पायराइटसारख्या सल्फाइड खनिजाइतकंच ठळक शेपूट देतो. बोअरमधून निघालेल्या त्या कोअरचा (खडकाच्या दंडगोलाचा) तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. कागदावर घासला की पेन्सिलीसारखी रेघ उठते.

म्हणून चार्जेबिलिटीचा एकच आकडा पाठवू नकोस. शेपटाचा पूर्ण आलेख पाठव. बारीक कणांभोवतीची गर्दी लवकर पांगते, मोठ्या कणांभोवतीची सावकाश, आणि ते आलेखाच्या उतारात दिसतं. सोबत जवळच्या विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता आणि हातभर खोल खणून काढलेली मूठभर माती आण. ती ओली करून बोटांत चोळून बघू.

तुझा,
सर