अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी घटना असते का? देशाच्या घटनेत आणि तिच्यात फरक काय?

हो, ५० च्या ५० राज्यांची स्वतःची आहे. गंमत म्हणजे मॅसॅच्युसेट्सची १७८० ची, म्हणजे देशाच्या १७८७ च्या घटनेच्याही आधीची आणि अजून चालू! देशाची घटना एकदम आटोपशीर, आजवर फक्त २७ दुरुस्त्या, उलट अलाबामाची १९०१ वाली बघा, ९०० च्या वर दुरुस्त्या, कारण एखाद्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किरकोळ प्रश्न असला तरी घटनाच बदलायला लागायची (२०२२ ला जरा आवरून नीट मांडली म्हणा). राज्यं जास्तीचे हक्क देऊ शकतात, कमी नाही करू शकत. सरकारी शाळांचं राज्यांच्या घटनेत आहे, देशाच्या घटनेत शिक्षण हा शब्दपण नाही. दोघींचं जुंपलं तर देशाचीच चालते. आपल्याकडे असं फक्त जम्मू-काश्मीरचं होतं, १९५७ पासून २०१९ पर्यंत.