एम. बी. : ठेका गळत गेला तसा अंधार वाढला

तुम्ही इटालियन संगीतकार माउरित्सिओ बिआंकीची ‘सिंफनी फॉर अ जेनोसाइड’ ही रेकॉर्ड अर्ध्यात बंद केलीत आणि विचारलंत, की हा तर निव्वळ गोंगाट, मग डार्क अँबियंटच्या, म्हणजे लांबलेल्या, काळोख्या सुरांच्या वातावरणी संगीताच्या, पूर्वजांत या माणसाचं नाव का घेतात? एवढी एकच रेकॉर्ड ऐकल्यावर हा प्रश्न पडणारच. उत्तर तिच्यानंतरच्या तीन वर्षांत आहे.

सुरुवात मिलानमध्ये, 1979 साली. सॅकर-पेल्झ या नावाने त्याने काही कॅसेट काढल्या. नंतर ते नाव टाकून नुसती आद्याक्षरं घेतली, एम. बी. हातात सिंथेसायझर आणि आवाज घुमवणारं एको यंत्र, बाकी फारसं काही नाही. 1981मध्ये इंग्लंडच्या स्टेराइल रेकॉर्ड्सने ‘सिंफनी’ काढली. तुकड्यांची नावं ट्रेब्लिंका, ऑशविट्झ, सोबिबोर अशी, नाझींच्या मृत्युछावण्यांची. त्यात कुणी गात नाही, किंचाळत नाही. यंत्र चालू आहे आणि ते थांबवायला कुणी नाही, एवढंच ऐकू येतं. मला ती रेकॉर्ड आजही सलग ऐकवत नाही.

याच सुमारास कम ऑर्गनायझेशन या इंग्लिश लेबलने त्याच्या ध्वनिफितींवर नाझी भाषणं चढवली आणि ‘लाइबश्टांडार्टे एसएस एमबी’ या नावाने (पहिले शब्द हिटलरच्या अंगरक्षक दलाचे) बाजारात आणली. त्यावरून त्याला नाझीधार्जिणा म्हणणारे अजून भेटतात. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

खरा बदल 1982 आणि 1983चा. ‘रेगेल’, ‘एन्दोमेत्रिओ’, ‘कार्चिनोसी’. नावं आता शरीराची आणि आजाराची. एकेक रचना रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापते. ठेका जवळजवळ नाहीसा होतो. उरतो एक लांबलेला, गढूळ सूर आणि त्यावर साचत जाणारे त्याचेच प्रतिध्वनी. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय असते, खालचा सूर हलणार नाही हे आपण गृहीतच धरतो. इथे तोच सूर कुजत जातो, आणि तेही इतकं सावकाश की नेमका कधी बिघडला ते सांगता येत नाही. पुढे काय होणार याची वाट पाहणं आपण सोडून देतो, नुसते त्या आवाजाच्या आत बसून राहतो. डार्क अँबियंट म्हणून पुढे जे ओळखलं जाऊ लागलं त्याचा गाभा हाच, आणि तो इथे एका माणसाने जवळपास एकट्याने गाठलेला दिसतो. म्हणून त्याचं नाव घेतात.

1984मध्ये ‘आर्मागेडॉन’ आली आणि त्याने संगीतच सोडलं. तो यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात गेला होता. आधीच्या वर्षीच्या ‘द प्लेन ट्रूथ’चं, म्हणजे ‘साधं सत्य’चं, नाव पाहिलं तर मन कुठे वळत होतं ते लक्षात येतं.

‘कोलोरी’ घेऊन तो परतला तो थेट 1998मध्ये. हा सूर बराच निवळलेला आहे, त्यात श्रद्धा आहे. जुन्या चाहत्यांपैकी कित्येकांना तो पचला नाही. मला मात्र तो मनापासून आवडतो. ज्याने इतकी वर्षं गप्प राहून काही मिळवलं त्याने पुन्हा तोच आजार वाजवावा असा हट्ट आपण का धरायचा? त्यानंतर त्याने निम्हसारख्या इटालियन कलाकारांबरोबर भरपूर काम केलं. इतकं, की त्यातलं सगळं सारख्या तोलाचं नाही. तिथे निवडूनच ऐका.

तुमच्यासाठी क्रम सांगतो. आधी ‘एन्दोमेत्रिओ’ची एक बाजू, हेडफोनवर, आवाज कमी ठेवून. मोठ्या आवाजात त्यातले बारीक थर बुजतात. जमलं तर दुसऱ्या दिवशी ‘रेगेल’. मग मधली वर्षं ओलांडून सरळ ‘कोलोरी’वर या, म्हणजे फरक अंगावर येईल. ‘लाइबश्टांडार्टे’ नाही ऐकलीत तरी काही अडत नाही.